जलाशयाकाठचे घर आणि उपशाची नळी : झीज कोठे होते, ती कशी रोखावी

माघ-फाल्गुनात खान्देशातील धरणांचे पाणी मागे सरू लागले, की काठावर एक ठरावीक दृश्य दिसते. पाण्याखाली असलेले काळे-करडे पाइप हळूहळू उघडे पडतात. कोठे दगडाच्या धारेवर टेकलेले, कोठे गाळात रुतलेले, तर कोठे जुन्या धोतराच्या चिंधीने नाहीतर ट्यूबच्या पट्टीने बांधलेले. याच नळ्यांवर काठावरचे मळ्यातील घर, गोठ्यातील जनावरे आणि केळीची बाग तगून असते. नळी फुटते ती मात्र बहुधा वैशाखात, जेव्हा पाऱ्याने चाळिशी कधीच ओलांडलेली असते आणि एका दिवसाचा खाडाही परवडणारा नसतो. घरच्या टाकीतील पाणी दोन दिवसांत संपते. केळीच्या बागेला पाण्याचा ताण बसला, तर घड भरत नाहीत आणि वर्षभराचा खर्च अंगावर येतो.

वास्तविक उपशाची नळी एका दिवसात फुटत नाही. ती महिनोन्‌महिने झिजत असते आणि ही झीज बहुतांशी ठरावीक ठिकाणीच होते. ती ठिकाणे ओळखून वेळीच बंदोबस्त केला, तर सध्या दोन-तीन हंगामांत बदलावी लागणारी नळी बराच काळ टिकू शकते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील परिस्थिती लक्षात घेऊन या विषयाची ही उपयुक्त माहिती.

काठ तसा उपाय

खान्देशात पाण्याचा काठ एकाच प्रकारचा नाही. भुसावळजवळचे ४१ दरवाजांचे हतनूर धरण तापी नदीवर आहे. चांगदेव येथे तापीला मिळणारी पूर्णा नदी विदर्भातील काळ्या मातीचा प्रदेश ओलांडून येते. त्यामुळे हतनूरच्या फुगवट्यात गाळ मोठ्या प्रमाणावर साचतो. येथे नळीला दगडापेक्षा गाळाचा धोका अधिक असतो. नळीचे तोंड गाळात बुडते आणि पाण्याबरोबर बारीक रेती आत खेचली जाते.

शिंदखेडा तालुक्यातील सुलवाडे, तसेच नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा व प्रकाशा या तापीवरील बॅरेजची तऱ्हा निराळी. पावसाळ्यात दरवाजे उघडे असल्याने नदी पूर्ण वेगाने वाहते. दरवाजे बंद झाल्यावर तेच पात्र शांत जलाशय बनते. तापीचे काठ उंच, मातीचे आणि ढासळणारे आहेत. पावसाळा संपला की अनेकदा काठाचा आकारच बदललेला असतो. अशा ठिकाणी नळी पुरात पात्रात सोडून देणे म्हणजे ती गमावण्यासारखेच होय.

याउलट वाघूर, गिरणा, पांझरा, बुराई, अनेर यांच्या धरणांकाठी मुरूम आणि काळा पाषाण उघडा पडलेला आढळतो. येथे लाटांबरोबर हलणारी नळी दगडावर घासत राहते. नळीला भोक पाडण्याचे काम पाणी करत नाही, दगड करतो. म्हणून नळी टाकण्यापूर्वी उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना, काठ चालत पाहणे हे पहिले काम ठरते. कोठे खडक आहे, कोठे गाळ आहे आणि पाणी किती दूर जाते, हे एकदा खुंट्या रोवून नोंदवून ठेवले की पुढची चूक टळते.

दातर्तीचा धडा

नळी, नदी आणि पूर यांचा खान्देशातील संबंध जुना आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यानंतर लवकरच त्यांची नेमणूक धुळ्यास झाली. पांझरेच्या परिसरातील दातर्ती येथे पाइपचा सायफन बांधणे, ही त्यांच्यावर सोपवलेली आरंभीची कामगिरी. पावसाळ्यात पुरामुळे काम अडू लागले, तेव्हा ते पावसानंतर करावे असे त्यांनी कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. अखेर तरुण अभियंत्याने पावसाळ्याशी झुंज देऊन ते काम तडीस नेले. आपल्या कार्यजीवनाच्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

पुढे भारतभर कीर्ती पावलेल्या या अभियंत्याला पहिल्याच वर्षी जे उमगले, ते आजही तितकेच खरे आहे. पाण्यातील नळीचे काम पाण्याच्या वेळापत्रकानुसारच करावे लागते. पांझरेवरील फड पद्धतीतही हेच शहाणपण दिसते. बंधाऱ्यांतून निघालेले पाट लाभधारकांनी एकत्र येऊन ठरलेल्या वेळी साफ करायचे, ही त्या पद्धतीतील शिस्त. दुरुस्ती मोडतोडीनंतर नव्हे, तर हंगामापूर्वी होत असे. म्हणूनच ती व्यवस्था शतकानुशतके टिकली.

झिजेची सहा कारणे

घर्षण : वाऱ्याच्या लाटांनी नळी दिवसभर काही मिलिमीटर पुढे-मागे सरकते. ही हालचाल डोळ्यांना जाणवतही नाही. तथापि महिनाभरात ती लाखो वेळा झालेली असते. पाण्याची कड आणि त्याखालचा दीड-दोन मीटरचा पट्टा ही सर्वाधिक धोक्याची जागा.

रेती : आतून वाहणारी रेती नळीची भिंत, कोपर व पंपाचा पंखा घासते. ही झीज पाण्याच्या वेगाच्या साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. तासाला ५ हजार लिटर पाणी ५० मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीतून सेकंदाला सुमारे ०.७ मीटर वेगाने जाते. तेच पाणी ४० मिलिमीटरच्या नळीतून नेल्यास वेग १.१ मीटर होतो. वेग दीडपट झाला, पण झीज अडीच ते पावणेचार पट वाढली. बारीक नळी घेऊन वाचवलेले पैसे असे रेतीत जातात.

ऊन : साध्या पीव्हीसी पाइपला उघड्यावरील उन्हाने ठिसूळपणा येतो. रंग उडतो, पृष्ठभागावर पांढरट भुकटी धरते आणि पुढे किरकोळ धक्क्यानेही चीर जाते.

तापमानातील फरक : प्लॅस्टिक उष्णतेने लोखंडापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. एचडीपीई पाइपची लांबी दर मीटरमागे, दर अंशाला जवळपास ०.२ मिलिमीटरने वाढते. पाण्याबाहेर पडलेल्या १०० मीटर नळीचे तापमान पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी वाढले, तर ती सुमारे ६० सेंटिमीटर लांब होते आणि रात्री पुन्हा आकसते. पीव्हीसीत हा फरक २० ते २५ सेंटिमीटरचा असतो. दररोजचे हे सरपटणे नळीला दगडावर घासते आणि सांध्यांना ओढते.

दाबाचा आघात : वाहते पाणी एकाएकी थांबले, की नळीत धक्क्याची लाट उठते. त्याविषयी पुढे सविस्तर.

गंज : जीआय पाइप पाण्याच्या रेषेवर, जेथे हवा आणि ओल आळीपाळीने लागते तेथे, सर्वांत लवकर गंजतो. आटे पाडलेल्या ठिकाणी जस्ताचा थर गेलेला असल्याने गळतीची सुरुवात बहुधा सांध्यापासून होते.

कोणता पाइप कोठे

जळगाव हे देशातील प्लॅस्टिक पाइप व ठिबक सिंचन उद्योगाचे मोठे केंद्र. त्यामुळे येथील ग्राहकाला निवडीला वाव भरपूर आहे. तथापि संपूर्ण नळीसाठी एकच प्रकार वापरण्याचा आग्रह धरू नये.

पाण्यात आणि काठाच्या हलत्या पट्ट्यात काळा एचडीपीई पाइप सर्वांत सोयीचा. त्यात मिसळलेल्या दोन ते तीन टक्के कार्बन ब्लॅकमुळे तो उन्हाला तोंड देतो, लवचीक असल्याने वाकतो आणि लांब गुंडाळीत मिळत असल्याने पाण्यातील सांधे टाळता येतात. खरेदी करताना पाण्याच्या पाइपसाठीचे आयएस ४९८४ हे भारतीय मानक व दाबाचा वर्ग पाइपवर छापलेला आहे, याची खात्री करावी. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा स्वस्त पाइप येथे कामाचा नाही. ओढणीच्या नळीसाठी भिंत जाड असलेला वर्ग घ्यावा. पातळ नळी उन्हात मऊ पडते आणि आतील निर्वातामुळे चपटी होते.

जमिनीत गाडलेल्या भागासाठी आयएस ४९८५ मानकाचा पीव्हीसी पाइप स्वस्त आणि पुरेसा टिकाऊ असतो. जीआय पाइप मात्र पंपाजवळच्या आखूड, घट्ट बसवलेल्या भागापुरताच ठेवावा. लवचीक आणि ताठ पाइप जेथे जोडले जातात, ती जागा हलत्या पट्ट्यात येऊ देऊ नये. तो सांधा काठावर, पक्क्या ओट्याला जखडलेला असावा.

काठाचा पट्टा : सर्वांत मोठी लढाई

काठावरील झीज रोखण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे नळी नजरेआड करणे. उन्हाळ्यात पाणी मागे गेले असताना दोन ते तीन फूट खोल चर खणून नळी त्यात पुरावी. तळाशी व नळीभोवती चाळलेली रेती किंवा बारीक मुरूम टाकावा. वर माती दाबून, लाटा लागणाऱ्या भागात दगडी पिचिंग करावे. काळ्या मातीच्या काठावर नळीभोवतीची रेती विशेष गरजेची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि आत गाडलेल्या नळीचे सांधे खेचते. चरातही नळी ताणून सरळ न टाकता किंचित नागमोडी टाकावी. आकसण्यासाठी तिला वाव मिळतो.

खडकामुळे चर खणणे शक्य नसेल, तर नळीला आवरण द्यावे. ६३ मिलिमीटरची नळी ९० किंवा ११० मिलिमीटरच्या जुन्या पाइपच्या तुकड्यातून ओवून घ्यावी. मात्र येथे एक चूक हमखास होते. आवरण सैल राहिले, तर त्यात रेती शिरते आणि तीच रेती आतल्या नळीला कानशीसारखी घासते. म्हणून आवरणाची दोन्ही टोके रबरी पट्टीने घट्ट बंद करावीत आणि आवरण नळीबरोबर एकत्र जखडावे. हलायचे असेल तर दोघांनी एकत्र हलावे. झिजायचे असेल तर बाहेरच्याने झिजावे.

घरगुती उपायही कामाचे आहेत. ठिबकच्या निकामी झालेल्या लॅटरल नळ्या खान्देशातील मळ्यांत सहज सापडतात. त्या उभ्या चिरून, नळीभोवती मळसूत्रासारख्या घट्ट गुंडाळल्या की उत्तम कवच तयार होते. खडकाच्या धारेवर जुन्या टायरचा तुकडा, रबर वर येईल असा बसवावा. नळी बांधण्यासाठी बारीक तार कधीही वापरू नये. ती प्लॅस्टिकमध्ये रुतते आणि नळी कापते. दोन इंच रुंद नायलॉनचा पट्टा किंवा खाली रबर घातलेला क्लॅम्प वापरावा.

तळावर स्थिर कशी ठेवावी

एचडीपीई पाण्यापेक्षा किंचित हलके असते. पाण्याने भरलेली नळीदेखील तळावर स्वतःहून बसत नाही आणि आत हवा शिरली तर थेट वर येते. त्यामुळे तिला वजन बांधावे लागते. हिशेब सोपा आहे. ६३ मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी दर मीटरला सुमारे ३.१ लिटर पाणी बाजूला सारते. नळीचे स्वतःचे वजन मीटरला एक किलोच्या आत-बाहेर असते. म्हणजे हवा भरली असता दर मीटरमागे साधारण सव्वादोन किलोचा उचल राहतो. काँक्रीट पाण्यात बुडाल्यावर त्याचे वजन जेमतेम ५८ टक्के उरते. म्हणून हा उचल पेलण्यासाठी मीटरमागे सुमारे चार किलो, म्हणजे दर तीन मीटरला १२ किलोचा ठोकळा लागतो. लाटांचा जोर पाहता काठाजवळ तो १५ ते १८ किलोचा ठेवावा.

ठोकळा दोन भागांत ओतून, मध्ये रबराची पट्टी घालून नळीवर बोल्टने आवळावा. नळी ठोकळ्याच्या मध्यावर, जमिनीपासून चार-सहा इंच उचललेली राहिली की तळाच्या दगडांशी तिचा संबंधच येत नाही. नुसता दगड दोरीने बांधून सोडणे धोक्याचे. दोरी झिजते, दगड सरकतो आणि कित्येकदा तोच दगड नळीला घासू लागतो.

मासेमारीसाठी दिलेल्या जलाशयांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. जाळी आणि होडीची वल्ही नळीत अडकतात. नळीच्या टोकावर रंगीत डबा किंवा तरंगता बोया ठेवला, तर मच्छीमारांचे जाळेही वाचते आणि नळीही.

नळीचे तोंड

ग्रामीण बोलीत ज्याला ‘फुटबॉल’ म्हटले जाते तो फूटव्हॉल्व्ह तळावर पडू देऊ नये. तो तळापासून किमान दीड-दोन फूट वर आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून तेवढाच खाली असावा. वर गेला तर भोवरा होऊन हवा ओढली जाते, खाली गेला तर गाळ. यासाठी तोंडाजवळ बंद डबा किंवा छोटा ड्रम बांधून नळी तरंगत ठेवण्याची पद्धत चांगली आहे. तोंड ड्रमपासून ठरावीक खोलीवर लटकते आणि पाणी घटले तरी आपोआप खाली उतरते.

फूटव्हॉल्व्हबरोबर येणारी जाळी बहुधा अपुरी असते. जाळीजवळ पाण्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आत राहिला, तर कचरा आणि रेती फारशी ओढली जात नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. तासाला ५ हजार लिटर उपशासाठी याचा अर्थ सुमारे ९३ चौरस सेंटिमीटर मोकळी जागा. ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा घेऊन त्याला ६ मिलिमीटरची साडेतीनशे छिद्रे पाडली, एक टोक बंद केले आणि दुसऱ्यात फूटव्हॉल्व्ह बसवला, की हा हिशेब जमतो. खर्च फारसा नाही. पंपाचा पंखा आणि सील यांचे आयुष्य मात्र वाढते.

ओढणीची मर्यादा

काठावरचा पंप पाणी ‘ओढतो’ असे म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात हवेचा दाब पाणी वर ढकलत असतो. हा दाब जास्तीत जास्त दहा मीटर पाणी पेलतो. घर्षण आणि इतर तोटा वजा जाता व्यवहारात सहा ते सात मीटरच हाती लागतात. हिवाळ्यात व्यवस्थित चालणारा पंप चैत्रात पाणी का सोडतो, याचे उत्तर बहुधा येथेच असते. पाणी खाली गेलेले असते आणि पंप जागच्या जागी. मर्यादेपलीकडे ओढल्यास पंपात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात, खडे खडखडल्यासारखा आवाज येतो आणि पंख्याला खड्डे पडतात. पंप खाली उतरवणे किंवा तराफ्यावर ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

ओढणीच्या नळीतील भोक शोधणे मात्र अवघड असते. या नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. त्यामुळे पंप चालू असताना पाण्याबाहेरच्या भागातील भोकातून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते. पाण्याची धार तुटक येणे, दाबमापकाचा काटा थरथरणे, पंपात वरचेवर पाणी भरावे लागणे ही झिजेची पहिली लक्षणे होत. पंप बंद करून नळी काठोकाठ भरावी आणि अर्धा तास पातळी पाहावी. ती उतरली, तर फूटव्हॉल्व्ह किंवा नळी यांपैकी एक निकामी होत आहे, असे समजावे.

वीज गेली, की नळीला धक्का

वीज अचानक गेली की चढावरचे पाणी उलट फिरते आणि झडप आपटते. पोलादी नळीत सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबले, तर सुमारे १२० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब निर्माण होऊ शकतो. एचडीपीई लवचीक असल्याने त्यात हा आघात बराच सौम्य, साधारण २५ ते ३५ मीटरचा असतो. तरीही दररोज बसणारा धक्का सांधे सैल करतो आणि नळीला दगडावर झटका देतो. स्प्रिंगची, चटकन मिटणारी नॉन-रिटर्न झडप पंपाजवळ बसवावी.

रात्री येणाऱ्या विजेसाठी अनेक जण ऑटोस्विच लावून ठेवतात. वीज जाऊन लगेच आली, तर परत फिरणाऱ्या पाण्यावर पंप पुन्हा सुरू होतो. हा आघात सर्वांत वाईट. एकाच वेळी सर्व पंप सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरणही ऑटोस्विच टाळून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वेळोवेळी करत असते. घरगुती पंपाला किमान दोन-तीन मिनिटांचा विलंब देणारा टायमर असावा.

पाण्याजवळील विजेबाबत हयगय जिवावर बेतते. अर्थिंग पक्के असावे. गळतीचा प्रवाह जाणवताच वीज तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. पाण्यात उतरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा. फूटव्हॉल्व्हचा कचरा काढण्यासाठी एकट्याने पाण्यात बुडी मारू नये. गाळात पाय रुतून होणारे अपघात टाळण्यासाठी तोंडाला दोरी बांधून ते काठावरून ओढून घेण्याची सोय सुरुवातीलाच करून ठेवावी.

नळीऐवजी विहीर

दरवर्षीच्या झिजेला कंटाळलेल्यांसाठी एक पर्याय जुना आणि भरवशाचा आहे. काठाजवळ, रेतीच्या किंवा मुरमाच्या थरात विहीर खणावी आणि जलाशयाचे पाणी त्यात झिरपू द्यावे. पाणी वाटेतच गाळले जाते आणि लाटांचा नळीशी संबंध उरत नाही. विश्वेश्वरय्या यांनीच १८९५ च्या सुमारास सिंधमधील सक्कर शहरासाठी हे तत्त्व वापरले. सिंधू नदीचे पाणी गढूळ आणि गाळण्याच्या टाक्यांसाठी पुरेसा पैसा नाही, अशा पेचात त्यांनी नदीपात्रातच विहीर घेऊन रेतीतून गाळलेले पाणी मिळवले. मात्र चिकण काळ्या मातीच्या काठावर पाझर मंद असल्याने ही युक्ती चालत नाही. आधी लहान खड्डा घेऊन पाणी किती वेळात भरते ते पाहावे.

पाणी नळीने येवो वा विहिरीतून, पिण्यासाठी ते तसेच वापरू नये. तुरटी फिरवून निवळल्यानंतर ते उकळावे किंवा जंतुनाशकाची योग्य मात्रा द्यावी.

परवानगी आणि पूररेषा

जलाशयातील पाणी काठावरच्या घराच्या मालकीचे नसते. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार अधिसूचित जलाशय वा नदीतून उपसा करण्यासाठी जलसंपदा विभागाची मंजुरी लागते. खान्देशातील प्रकल्पांचे काम पाहणाऱ्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावला आहे. मंजुरीचा अर्ज संबंधित पाटबंधारे विभागाकडे करावा लागतो. टंचाईच्या वर्षी पिण्यासाठी पाणी राखीव ठेवले जाते आणि अनधिकृत पंपांवर वीज तोडण्यापर्यंतची कारवाई होते. वाघूरच्या पाण्यावर जळगाव शहर आणि नकाणे, डेडरगाव तलावांच्या पाण्यावर धुळे शहर विसंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कडकपणामागचे कारण कळते.

मातीच्या धरणाच्या भिंतीत किंवा तिच्या पायथ्याशी नळीसाठी चर खणणे हा तर गंभीर अपराध. नळीच्या कडेने पाणी झिरपून भिंतीला भगदाड पडू शकते. त्याचप्रमाणे पंपघर बांधताना पूररेषा पाहावी. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन रेषा आखल्या जातात. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. तेथे पंप न्यायचाच असेल, तर तो उचलून आणता येईल असा असावा.

वर्षाचे वेळापत्रक

मे : पाणी सर्वांत खाली. काठाची पाहणी, चर खोदणे, आवरण व ठोकळे तपासणे. झिजलेल्या जागेवर रंगाने खूण करावी.

जूनचा पहिला आठवडा : तापीकाठी पात्रातील नळी व पंप वर काढून ठेवावेत. धरणाकाठी नळीचे पट्टे आवळावेत.

ऑक्टोबर : दरवाजे बंद होऊन पाणी स्थिरावल्यावर नळी पुन्हा सोडावी. जाळी धुऊन फूटव्हॉल्व्हचे चामडे किंवा रबर बदलावे.

डिसेंबर : ओढणीच्या नळीची अर्ध्या तासाची चाचणी घ्यावी.

फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला : पाणी मागे सरेल तशी उघडी पडणारी नळी दगडावरून उचलून मुरमावर घ्यावी, शक्य तेथे मातीने झाकावी आणि नळीचे तोंड खोल पाण्याकडे सरकवावे.

या साऱ्या कामांना मोठे यंत्र लागत नाही की मोठा खर्च. लागते ती ठरलेल्या वेळी काठावर फेरी मारण्याची सवय. ज्या घराने मे महिन्यात कुदळ हाती घेतली, त्या घराला पुढल्या वैशाखात टँकरची वाट पाहत बसावे लागत नाही.